आयव्हीचं यंत्र पुन्हा अडकलं

लंडन,
मंगळवार, १७ नोव्हेंबर १९०८

तीर्थस्वरूप एफीताईस,

धाकट्या हेटीचा लंडनहून वाकून नमस्कार. (वाकून अशासाठी, की दिवसभर यंत्रावर ओणवं राहून माझी पाठ आता सरळ होतच नाही.) तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का? तुमच्या व्हिटबीच्या खाऱ्या वाऱ्यात खोकला जातो असं डॉक्टर सांगतात आणि भावोजींना तो तिथंच झाला, तेव्हा डॉक्टरांचं काय ऐकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. जुळे बरे आहेत ना? मागच्या नाताळात त्यांनी तुझ्या शिवणयंत्रात भावोजींच्या दुकानातली काकवीची टॉफी कोंबली होती, ते सुटलं का गं शेवटी? तीन लोहारांनी हात टेकले होते म्हणे. त्या टॉफीबद्दल पुढं बोलायचंच आहे, पण आधी माझं ऐक. इकडं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ते खरं नाही.

तू मागच्या पत्रात विचारलंस की मी प्रयोगशाळेत नक्की काय करते, आणि चर्चमधल्या बायकांना काय सांगू. ताई, कृपा करून 'सहसंबंध काढते' असं सांगू नकोस. हा शब्द माझ्या घरमालकीणबाईंना, म्हणजे मिसेस क्रंपना, मी एकदा चहा पिताना सांगितला. त्यांनी त्यातला 'सह' सोडून दिला आणि पुढचं तेवढं ऐकलं. बशी खाली ठेवली, दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "बाई गं, चांगल्या घरची तू. कुणाशी?" मी म्हटलं, "कुणाशी म्हणजे? शाळकरी मुलांच्या डोक्यांचा त्यांच्या मार्कांशी." त्यानंतर दोन दिवस मला न्याहारीला अंडं मिळालं नाही.

खरं तर साधी गोष्ट आहे. दोन गोष्टी जोडीनं वाढतात-घटतात का आणि किती, हे सांगणारा एक आकडा म्हणजे सहसंबंध. आकडा एकाच्या जवळ आला तर एक जिथं तिथं दुसरी. शून्याच्या आसपास असला तर दोघींची तोंडओळखसुद्धा नाही. आणि उणे आला तर एक वर गेली की दुसरी खाली, लहानपणी तू आणि मी फळीच्या झोक्यावर बसायचो तसं. (तू नेहमी खाली असायचीस. मी काही बोलले नव्हते.) आम्ही सहा जणी शाळेशाळेतून आलेले आकडे घेतो आणि हातानं फिरवायच्या यंत्रावर दळतो. यंत्र म्हणजे लोखंडी पेटी, पितळेच्या खुंट्या आणि उजवीकडं दांडा. पुढं फिरवला की बेरीज, मागं फिरवला की वजाबाकी, आणि जास्त फिरला की आत घंटा वाजते आणि कोण चुकलं ते सगळ्या खोलीला कळतं. आम्ही त्याला जातंच म्हणतो. दोन हजार मुलांच्या डोक्यांची लांबी आणि त्यांची हुशारी तीन महिने दळल्यावर असं निघालं, की लांब डोक्याचा मुलगाही ठोंब्या असू शकतो. भावोजींना ओळखत असल्यामुळं मला हे आधीच माहीत होतं. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस, मला त्यांच्याकडून एक काम आहे.)

आमच्या वरिष्ठ मिस थॉर्नक्रॉफ्ट या शब्दाबद्दल फार कडक आहेत. जोडीनं चालतात एवढंच म्हणायचं, कोण कुणाला ओढतंय ते म्हणायचं नाही, असं त्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी बजावतात. मिसेस क्रंपना समजावं म्हणून मी त्यांना त्यांचाच दाखला दिला: आपल्या गल्लीत ज्या दिवशी छत्र्या जास्त दिसतात त्या दिवशी तुमचे गुडघे जास्त कण्हतात, पण म्हणून छत्र्यांनी गुडघे दुखतात असं नाही. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हा चारही भाडेकरणींच्या छत्र्या त्यांच्या कपाटात कुलूपबंद झाल्या. आज सकाळी मी भिजत आले. मिसेस क्रंप म्हणतात, गुडघ्यांना उतार आहे.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. मला सांगायचंय आयव्ही लँगस्टनबद्दल, आणि आधीच सांगते की मी मत्सरी नाही. तुला माहीत आहे मी मत्सरी नाही. आयव्ही जूनमध्ये आमच्याकडं आली. ती कॉलेजात शिकलेली आहे, सायकलवरून येते, सायकलवरून आली तरी तिचे केस जागचे हलत नाहीत, आणि तिच्या टोपीत एक लांब पिन असते, जिच्या टोकाला निळ्या मिन्याचा एवढासा पक्षी आहे. तो पक्षी दिवसभर माझ्याकडं बघत असतो. कारण तिचं मेज बरोबर माझ्या समोर, तोंडाला तोंड.

आणि जूनमध्येच मिस्टर पेंडल यायला लागले. कारखान्याकडून यंत्रांची देखभाल करायला येतात ते. दर पंधरवड्याला सगळ्यांच्या यंत्रांना तेल घालून जायचं, आणि मधे कुठलं अडकलं तर बोलावणं गेलं की यायचं. उंचीला बेताचेच, अंगठ्याला कायम काळं तेल, आणि काम करताना चर्चमधली भजनं शीळ घालून म्हणतात, तीही जरा सुटलेल्या सुरात. (त्याला 'ते' म्हणून माझी लेखणी दमली. यापुढं मी 'तो' म्हणेन, ते फक्त तुझ्यापाशी.) पहिल्याच दिवशी तो माझ्या मेजाशी आला, माझ्या यंत्राचा दांडा एकदा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "वा मिस, काय सुरेख फिरतंय! याला हात लावायची गरजच नाही." ताई, मला आजवर कुणी इतकं चांगलं काही म्हटलेलं नाही. त्या दिवसापासून मी माझं यंत्र डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, आणि यंत्रातही घातलं. दर सोमवारी स्वतः पुसते. मंगळवारी तो यायच्या आधी त्यावर आईनं विणलेली किटलीची टोपी झाकून ठेवते आणि तो आला की मान वर न करता म्हणते, "माझं कधी बिघडत नाही." तो म्हणायचा, "हो ना मिस, दिसतंयच." आणि पुढं जायचा. आयव्हीकडं.

कारण आयव्हीचं यंत्र सारखं अडकायचं. आज दांडा फिरेना, परवा घंटा वाजेना, तेरवा सात नंबरची खुंटी वर गेली ती खालीच येईना. की लगेच बोलावणं, की लगेच हा हजर, की लगेच आयव्हीच्या खुर्चीत बसून तासभर शीळ. आयव्ही बाजूला उभी राहून सफरचंद खायची. एकदा मी केलेला शहाजिऱ्याचा केक मी सगळ्यांना वाटला, तर त्यानं स्वतःचा तुकडा संपवलाच, वर आयव्हीनं आपला अर्धा त्याला दिला. माझ्या केकचा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दुपारी माझ्या यंत्राची घंटा अकरा वेळा वाजली.

मग मी ठरवलं की रडत बसायचं नाही, शास्त्रानं घ्यायचं. तक्ता आखला. एकोणीस आठवडे. एका रकान्यात तो आठवड्यात किती वेळा आला, दुसऱ्यात आयव्हीचं यंत्र किती वेळा अडकलं. मुलांची डोकी बाजूला ठेवून जेवणाच्या सुट्टीत दळलं, आणि आकडा आला शून्य दशांश आठ तीन. आठ तीन, ताई! बाप आणि मुलाच्या उंचीतसुद्धा एवढा येत नाही. मी तक्ता घेऊन तडक मिस थॉर्नक्रॉफ्टकडं गेले आणि सांगितलं, मिस लँगस्टन मुद्दाम यंत्र बिघडवते, बहुतेक त्या पिनेनं, त्या माणसाला बोलावता यावं म्हणून, आणि हा पाहा पुरावा.

मिस थॉर्नक्रॉफ्टनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "मिस ॲपलयार्ड, हा आकडा तुम्ही उलटा करून पाहिलात? त्याचं येणं आधी की हिचं अडकणं आधी, हे यात कुठं लिहिलंय? 'अ'चा 'ब'शी जितका, तितकाच 'ब'चा 'अ'शी. दुरुस्तीच्या वहीत तारखा आहेत. त्या बघा आणि मग बोला." मी बाई वही बघितली नाही. ज्याचा जळफळाट झालाय त्यानं तारखा बघायच्या असतात होय? मी माझ्या मेजावर आले, प्रयोगशाळेचा कागद घेतला आणि कारखान्याला लिहिलं, की मिस्टर पेंडल यांच्या वारंवार येण्यानं कामात व्यत्यय येतो, तरी कृपया दुसरा, शक्य तर वयस्कर, माणूस पाठवावा. सही अशी केली की ती कुणाचीही वाटावी.

तिसऱ्या दिवशी त्याची बदली क्रॉयडनला झाली, दुकानांतले गल्ले दुरुस्त करायला. जाताना निरोप घ्यायलाही आला नाही. आणि गंमत बघ, तो गेल्यापासून आयव्हीचं यंत्र एकदाही अडकलं नाही. तीन आठवडे! मी मनात म्हटलं, बघा, आता कुणासाठी बिघडवणार? जिंकले होते गं मी. जिंकल्यावर माणसाला भूक लागते म्हणतात, मला मात्र जेवणच जाईना. मंगळवारी सवयीनं किटलीची टोपी यंत्रावर घातली आणि तशीच बघत बसले.

मग गेल्या शुक्रवारी तेल घालायला कारखान्याचे म्हातारे मिस्टर गॅड आले. तपकीर ओढतात, ऐकू कमी येतं, आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी ओरडून बोलतात. आयव्हीचं यंत्र उघडलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरेच्चा! हा आतला स्क्रू कुणीतरी दर खेपेला अर्धा आटा सैल करत होता की!" मी तिथल्या तिथं उठून उभी राहिले. "टोपीच्या पिनेनं ना?" मी विचारलं. दोनदा ओरडून विचारावं लागलं. "पिनेनं? छे गं पोरी! याला तीनकोनी चावी लागते. अख्ख्या लंडनात ती आम्हा चौघांकडं आहे. हे आमच्या पेंडलचंच काम. दुरुस्त करून जायचा आणि जाता जाता पुढच्या खेपेची सोय करून ठेवायचा, बदमाश!" आणि हसता हसता त्यांना तपकिरीचा ठसका लागला. वर हेही म्हणाले, की एरवी कसलीही दुरुस्ती मी करीन, पण आत काही मोडून अडकलं किंवा गोडधोड चिकटलं, तर ते माझ्या बापाच्यानं निघायचं नाही. तेवढी चिकाटी एका पेंडलकडं, मग तो क्रॉयडनला असो नाहीतर कुठं.

म्हणजे यंत्र अडकायचं म्हणून तो यायचा नाही, तर तो यायचा म्हणून यंत्र अडकायचं! मी आता वही उघडली. मंगळवारी तेल, गुरुवारी बिघाड. बुधवारी दुरुस्ती, शुक्रवारी बिघाड. पाच महिने तारखा तिथंच होत्या. पण तुला वाटेल मला यानं हायसं वाटलं, तर मुळीच नाही. आयव्हीनं त्याला ओढलं असतं तर ती चटोर ठरली असती आणि माझं समाधान झालं असतं. आता तर तोच तिच्यासाठी झुरत होता, स्क्रू सैल करकरून! माझं डोकंच फिरलं. मी आयव्हीच्या मेजाशी गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. पिनेबद्दल, सायकलीबद्दल, केसांबद्दल, सफरचंद खाण्याच्या पद्धतीबद्दल. खोलीतली सगळी जाती थांबली.

आयव्हीनं सगळं ऐकून घेतलं आणि मग एवढी हसली, एवढी हसली, की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. म्हणाली, "अगं हेस्टर, जरा ये इकडं. बस माझ्या खुर्चीत. आता समोर बघ. काय दिसतं?" मी बघितलं. समोर माझी खुर्ची होती. "पाच महिने तो इथं बसलाय," आयव्ही म्हणाली, "आणि माझ्याशी मोजून तीन वाक्यं बोललाय. ती चहात साखर किती घेते? केक ती स्वतः करते का? आणि मी आलो की ती यंत्रावर टोपी का घालते, माझा राग येतो का तिला? बाई गं, मी त्याला म्हटलं, सरळ तिचंच बिघडव ना! तर म्हणतो, कसं बिघडवू, ती हात लावू देत नाही."

ताई, मी माझं यंत्र जेवढं चांगलं ठेवलं, तेवढा तो माझ्यापासून लांब राहिला. याला उणे सहसंबंध म्हणतात. मी तो पाच महिने स्वतःच्या हातानं, तेल घालून, फिरवत होते. आणि ज्या दिवसांत त्याला समोर बसून माझ्याकडं बघायची सोय झाली होती, त्या दिवसांचा मी तक्ता करून त्याला क्रॉयडनला पाठवला. आता त्याला पत्र कुठल्या तोंडानं लिहू? सही माझीच होती हे त्याला कळलं असेल का? माझ्या 'एच' अक्षराचं वळण सगळ्यांना ओळखू येतं, असं बाबा म्हणायचे.

असो. तू काळजी करू नकोस, माझी तब्येत छान आहे, जेवण मात्र जात नाही. भावोजींना नमस्कार, जुळ्यांना गोड पापा. उत्तराची वाट बघते.

तुझी धाकटी,
हेटी

ता. क. : भावोजींच्या दुकानातल्या त्या काकवीच्या टॉफीचे दोन डबे उलट टपालानं पाठव. कडक नको, मऊ, जुळ्यांनी शिवणयंत्रात घातली होती तीच. खायला नव्हे. किती घातली होती तेही जुळ्यांना विचारून कळव. रागावून नको विचारूस, मला नेमका आकडा हवाय.

दुसरा ता. क. (बुधवार सकाळ) : पत्र टाकायचं राहिलं, बरंच झालं. मिस थॉर्नक्रॉफ्टनी माझा तक्ता आयव्हीकडून तपासून घेतला. आकडा शून्य दशांश आठ तीन नव्हता, तीन आठ होता. रागाच्या भरात मी अंक उलटे लिहिले. म्हणजे ज्या पुराव्यावर मी एका माणसाला क्रॉयडनला धाडलं तो पुरावाच अर्धामुर्धा होता. आयव्हीनं हे मला हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं सांगितलं. मला तिचा चांगुलपणासुद्धा सहन होत नाही गं.

तिसरा ता. क. (बुधवार दुपार) : ताई, माझं यंत्र अडकलं! शपथेवर सांगते, मी काही केलेलं नाही, टॉफी तर अजून व्हिटबीतच आहे. जेवून आले, दांडा फिरवला तर कट्टकन आवाज आणि जागच्या जागी बंद. मिस्टर गॅडना बोलावलं, त्यांनी आत डोकावलं आणि ओरडून सांगितलं, "काहीतरी मोडून अडकलंय! पेंडललाच आणा!" तेव्हा आयव्ही छताकडं बघत होती आणि तिच्या टोपीत पिन नव्हती. दोन गोष्टी एकाच दुपारी घडल्या. मी मिस थॉर्नक्रॉफ्टना भिऊन कसलाही निष्कर्ष काढत नाही. पण ताई, तो निळा पक्षी तिला फार आवडायचा.

चौथा आणि शेवटचा ता. क. (गुरुवार) : तो आला. माझ्या खुर्चीत बसला, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं, की आयव्हीच्या खुर्चीतून मी दिसते तर माझ्या खुर्चीतून आयव्ही दिसते! मी विचार करत होते की तिला जरा मोकळी हवा मिळावी म्हणून दारात उभं करावं का, तेवढ्यात त्यानं एकदा समोर बघितलं, उठला, माझं ते जडशीळ यंत्र दोन्ही हातांनी उचललं आणि आयव्हीच्या मेजावर नेऊन तिच्या खुर्चीत बसला. म्हणाला, "इथं उजेड बरा आहे, मिस. तुम्ही बसा ना तुमच्या जागेवर." (बाहेर इतकं धुकं होतं की दोन्ही मेजांवर दिवे लावलेले होते.) मी बसले. त्यानं शीळ घालायला सुरुवात केली, आणि मधेच थांबून केक आहे का विचारलं.

मेला कामाला इतका चोख, की अर्ध्या तासात यंत्र दुरुस्त करून मोकळा झाला. ताई, टॉफी पाठवच. मऊ.